हातब्रेकची तार

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' ही दोन आसनांची मोटार स्वतः घडविली. त्याच नादाने घरी गाडी जुळविणाऱ्यांपैकी मी एक, धुळ्याचा. जुन्या गाडीची हातब्रेकची तार माझ्या आखूड सांगाड्यास चार बोटे लांब पडली. मी ती वळसा देऊन भागविली. चाळीसगावहून कन्नडच्या घाटात गाडी उभी केली, तो ती मागे सरकू लागली! मुलाने चाकामागे दगड घातला म्हणून बचावलो.

पुढे जळगावच्या एका वृद्ध मिस्त्रींनी रीत सांगितली. "भाऊ, आधी ड्रममधले शू जुळवा, मग तारेस हात लावा." बाहेरची नळी जितकी कापावी तितकीच आतली तार, मात्र कापण्यापूर्वी त्या जागेच्या दोन्ही अंगांस बारीक तार घट्ट गुंडाळावी, नाहीतर पीळ सुटतो. टोकाचे धागे निपलच्या पोकळीत फुलवून मगच डाक भरावा. वरवरचा डाक ताण पडताच निसटतो. (माझा दोनदा निसटला.) शेवटी मागची चाके उचलून पाहावी : दांडा सोडला असता ती मोकळी फिरावीत, थोडे दाते ओढताच जखडावीत.

गेल्या दिवाळीत त्याच वळणावर गाडी उभी केली. ती हलली नाही. मुलगा मात्र दगड हातात घेऊनच खाली उतरला होता.