पाटणचा मठ आणि आजचा अभ्यासक्रम



चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे मंदिर आहे. जळगाव-धुळ्याकडील असंख्य कुटुंबे तेथे दर्शनाला जातात. तेथील शिलालेखापाशी मात्र फार थोडी पावले थांबतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांसमोर आणलेला हा लेख म्हणजे एका शिक्षणसंस्थेची सनद आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराज सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या आणि कुळातील अन्य पंडितांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला. त्या मठाला निकुंभ वंशातील सोईदेवाने इ.स. १२०७ मध्ये दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे; देणग्यांचा तपशील मात्र जुन्या मराठीत कोरलेला आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठाला, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. गणिताच्या शाळेचा खर्च गावची पेठ उचलत होती, आणि तो व्यवहार पेठेला समजेल अशा भाषेत नोंदवला गेला होता.

आज हे आठवण्याचे कारण असे की, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषयांमधल्या भिंती पाडून नवे अभ्यासक्रम रचण्याची मुभा दिली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला हे धोरण लागू झाले आणि भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय त्यात आला. ज्या मागणीसाठी राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्यांनी अनेक दशके लेख लिहिले, परिषदा घेतल्या, ती पदरात पडली. आता प्रश्न असा आहे की, त्या दोन श्रेयांकांच्या तासाला वर्गात नेमके घडणार काय? भास्कराचार्यांचा जन्म कोणत्या साली झाला, सिद्धांतशिरोमणीचे भाग किती, अशी पर्यायी उत्तरांची प्रश्नपत्रिका सोडवून विद्यार्थी उत्तीर्ण होणार असेल, तर नाव बदलले आणि पाठांतर तेवढे उरले, एवढाच त्याचा अर्थ.

लीलावती हा ग्रंथच मुळात अध्यापनाचा उत्तम नमुना आहे. त्यातले एक उदाहरण पाहा. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात. साप सत्तावीसपैकी पंधरा हात सरकला, मोराची तिरपी झेपही पंधरा हातांचीच. दहावीच्या पुस्तकात पायथागोरसचे प्रमेय आहेच. तेच प्रमेय शाळेच्या पटांगणात एक काठी, एक सुतळी आणि चुन्याची रेघ घेऊन शिकवता येते. त्याच आठवड्यात संस्कृतच्या तासाला मूळ श्लोकाचा अन्वय लावावा, इतिहासाच्या तासाला शिलालेखाचा ठसा दाखवावा, मराठीच्या तासाला त्यातील जुन्या मराठीची आजच्या बोलीशी तुलना करावी. अहिराणी घरात बोलणाऱ्या मुलाला त्यातला एखादा शब्द शहरी मुलाआधी ओळखू आला, तर त्या दिवशी वर्गातला त्याचा क्रम बदलेल. अभ्यासक्रमाची नवीनता ती हीच. चार शिक्षकांनी एका आठवड्यापुरते एकत्र बसावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी गाडे अडते ते नेमके तेथे.

येथे एक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, तिचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे टळला, ही कथा आपल्याकडील व्याख्यानांत हमखास येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती प्रचलित झाली. कथा गोड आहे, पण इतिहास म्हणून ती शिकवणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या हाती आयतेच हत्यार देतो. एक खोटे उघडे पडले की त्याच्याबरोबर दहा खरी विधाने संशयात सापडतात. अभिमान असावा, पण तो मोरसापाचे गणित स्वतः सोडवलेल्याचा असावा.

आणि परंपरा काही केवळ पोथीत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीचे बंधारे शतकानुशतके शेती भिजवत आले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात एकच पीक. पाणी किती आहे ते पाहून कोणता फड भिजवायचा हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे. पाटावर पाटकरी, पिकावर जागल्या, अशी माणसे गावानेच नेमायची. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पाटाचा उतार मोजावा, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने वाटणीचा हिशेब मांडावा, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने भांडणे कशी मिटत ते वृद्धांकडून लिहून घ्यावे. ज्या जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात टँकर धावतात, तेथे हा अभ्यासक्रम शोभेचा ठरणार नाही.

साक्री तालुक्यातील बारीपाडा तर जिवंत प्रयोगशाळाच. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार आणि त्यांच्या ग्रामस्थांनी उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथील वनभाजी स्पर्धेत माताभगिनी रानभाज्या रांधून मांडतात. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने आपली वही घेऊन त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसायला काय हरकत आहे? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे सत्कारसमारंभांत आवर्जून सांगितले जाते. ज्ञान कोणाकडून घ्यावे, हे ठरवताना मात्र ते विसरले जाते.

धुळ्याच्या कारागृहात १९३२ मध्ये विनोबांनी अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. त्या वर्गाला ना मंडळाची मान्यता होती, ना परीक्षा. समोर बसलेल्या बंदिवानांना काय कळेल व काय लागेल, एवढ्यावर मांडणी ठरली. खान्देशातील शिक्षकाजवळ हा वारसा आहे, मग त्याने तयार टिपणांची वाट का पाहावी?

अर्थात शिक्षकाला उपदेश करणे सोपे. पोर्शन संपवण्याची घाई, निवडणुकीची कामे, माहिती भरण्याचे अर्ज यांतून त्याला उसंत कोठली? म्हणून पहिले पाऊल समाजाने उचलावे. येत्या उन्हाळी सुट्टीत गणित, संस्कृत, मराठी, इतिहास आणि विज्ञान या विषयांचे दहा शिक्षक पाटणला तीन दिवस एकत्र राहावेत. त्यांच्या निवासाचा, भोजनाचा आणि छपाईचा भार चाळीसगाव-जळगावच्या व्यापारी बंधूंनी उचलावा; आठशे वर्षांपूर्वी तेथल्याच पेठेने तो उचलला होता. तीन दिवसांत दहा पाठ लिहून व्हावेत, आणि जूनमध्ये ते एका शहरी शाळेत व साक्री तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकवून पाहावेत. आश्रमशाळेत जो पाठ रुजला नाही, तो पुन्हा लिहायला घ्यावा.