नकाशांचे स्थलांतर



भूगोलाच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी विषय निवडला तो काहींना रुक्ष वाटेल. संगणकावरील एका प्रणालीतला नकाशा दुसऱ्या प्रणालीत नेताना त्याचे काय होते, हा तो विषय. बडोद्यात राहणाऱ्याला मात्र तो परका वाटण्याचे कारण नाही.

नकाशा संगणकात दोन रूपांनी राहतो. व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा आणि बंदिस्त आकृत्या; रास्टर म्हणजे चौकोनी घरांचे कोष्टक, ज्याच्या प्रत्येक घरात एक आकडा असतो. पहिल्यात हद्दी आणि रस्ते शोभतात, दुसऱ्यात उपग्रहचित्रे आणि जमिनीची उंची.

आता गायकवाडी मुलूख आठवा. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मधूनमधून इंग्रजांची वा इतर संस्थानांची गावे होती. असे राज्य व्हेक्टरमध्ये काढायचे तर एकाच नावाखाली अनेक तुकडे आणि त्या तुकड्यांत भोके अशी आकृती तयार होते. शेपफाइल या प्रचलित मांडणीत बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि भोकाची कड उलट दिशेने लिहितात. जिओजेसनच्या 2016 च्या प्रमाणात नेमके याच्या उलट आहे. अभियंत्यांच्या डीएक्सएफ फाइलीतून हाच नकाशा नेला तर कडा नुसत्या बंद रेषा म्हणून उतरतात. भोक कोणते आणि तुकडा कोणता हे त्या रेषांना ठाऊक नसते. मग मधले परके गाव बिनबोभाट गायकवाडांचे होऊन जाते! सयाजीराव महाराजांनाही जे साधले नाही ते असे एका क्षणात घडते.

याहून गंभीर गोष्ट पायाची आहे. आपल्याकडील जुने सर्वेक्षण 1830 च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले. जीपीएस चालते डब्ल्यूजीएस 84 वर. पृथ्वीचा आकार दोघांनी निरनिराळा मानला आहे, म्हणून अक्षांश-रेखांशांचे तेच आकडे बडोद्यात शंभर मीटरांच्या घरात सरकलेली जागा दाखवतात. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या पायावर आणले. परंतु जुन्या कागदांच्या प्रती अजून कपाटांत आहेत आणि त्या स्कॅन होतच असतात. शेपफाइलीसोबत पायाची माहिती देणारी पीआरजे नावाची छोटी फाइल असते. पाठवणारा तीच नेमकी विसरतो. नवी प्रणाली मग अंदाज बांधते, आणि नकाशा इतका सुबक उमटतो की शंका येत नाही. शिवाय यूटीएम पद्धतीत बडोदे, कडी आणि नवसारी 43 व्या पट्ट्यात येतात, तर अमरेली 42 व्या. जुने राज्य एका पट्ट्यात मावतच नाही.

रास्टरचे दुखणे वेगळे. चित्रासोबतच्या सहा ओळींच्या वर्ल्ड फाइलीत डाव्या वरच्या घराच्या मध्यबिंदूचे स्थान दिलेले असते; जिओटिफमध्ये सामान्यतः त्याच घराचा कोपरा धरतात. हा भेद न पाळता रूपांतर केले तर 30 मीटरच्या घरांचे चित्र दोन्ही दिशांना 15 मीटर सरकते. विश्वामित्रीच्या काठी 15 मीटर म्हणजे पाण्यात की कोरड्यात, एवढा प्रश्न आहे.

ऑगस्ट 2024 मधील पूर आपल्या स्मरणात आहे. पुराचा अंदाज करणारे गणित उंचीच्या रास्टरवर चालते. नाले आणि आपल्या भाषेतल्या कांस व्हेक्टरमधून रास्टरमध्ये नेताना पाचसहा मीटर रुंदीची कांस 30 मीटरच्या घरात विरघळून जाते. गणिताच्या लेखी ती उरत नाही. पाणी मात्र तिच्यातूनच वाहते वा तुंबते. उंचीचेही तसेच. आपले शहर समुद्रसपाटीपासून 39 मीटरांच्या आसपास आहे. पण जीपीएस मुळात उंची मोजतो ती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात तो लंबगोल समुद्रसपाटीच्या पन्नास मीटरांहून अधिक वर आहे. त्यामुळे न सुधारलेल्या आकड्यांत सारे बडोदे शून्याच्या खाली जाते. ऋण चिन्ह दिसले म्हणजे निदान संशय तरी येतो. दोन निरनिराळ्या स्रोतांचे आकडे मिसळले, की तोही येत नाही.

अक्षरांची हानी मला सर्वांत जास्त सलते. शेपफाइलीच्या तक्त्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरांपुरतेच मावते, तेही रोमन अक्षरे धरून. देवनागरी वा गुजराती अक्षराला यूनिकोडमध्ये तीन बाइट लागतात. गावांची नावे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील तर नव्या प्रणालीत उमटतात ती निरर्थक चिन्हे. गाव जागेवर राहते आणि नाव हरवते. हे नुकसान कोणतीही रूपांतर-प्रणाली आपण होऊन भरून देत नाही. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलेली आणि आज जगभर विनामूल्य वापरली जाणारी जीडीएएलसुद्धा, मूळ लिपी कोणती होती हे तिला सांगितल्याशिवाय, अक्षरे ओळखू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह साध्या कामांचा आहे. मूळ फाइल जशीच्या तशी राखावी. रूपांतरापूर्वी आणि नंतर आकृत्यांची संख्या आणि एकूण क्षेत्रफळ ताडून पाहावे. मांडवी, सूरसागरचा काठ, काळा घोडा अशी तीनचार ठिकाणे नव्या नकाशावर शोधावीत, आणि त्यांतल्या एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांना हे सहज जमेल. मांडवी तर येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.