विहिरीच्या कांठीं मिळालेला धडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या प्रार्थनासप्ताहांत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेस ५० वर्षें पूर्ण झालीं. ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा प्रमुख धर्मगुरूंनीं मला केली, तेव्हां प्रथम मी संकोचलों. मी कांहीं धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. बागायतदाराच्या घरीं जन्मलों, ३६ वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें आणि सकाळ-संध्याकाळ वाडीला पाणी लाविलें. एवढीच काय ती माझी विद्या. परंतु फादर म्हणाले, "गुरुजी, पुस्तकांतलें आम्ही सांगूं, तुम्ही वाडींतलें सांगा." म्हणून आज मी आपणांस माझ्या विहिरीची हकीकत सांगणार आहें. तींत माझी शोभा वाढेल असें फारसें कांहीं नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

देवाला भेटावयाचें तर देवळांतच, अशी आपली एक समजूत असते. देवळांत तो भेटतो ह्यांत शंका नाहीं. परंतु तो देवळापुरताच राहत नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील ती शोमरोनी स्त्री आठवा. भर दुपारीं ती याकोबाच्या विहिरीवर आली ती प्रार्थनेसाठीं नव्हे. घागर भरून न्यावी, एवढाच तिचा हेतु. रोजचें काम, रोजची वाट, रोजचें ऊन! आणि तेथेंच प्रभु स्वतः तहानेला होऊन बसला होता. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें उदाहरण तर घरचेंच आहे. जपानांत लोकांमध्यें वावरतांना आणि व्यापार करितांना अवगत झालेली तेथील भाषा पुढें फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचे दुभाषी म्हणून त्यांच्या उपयोगी पडली. आणि १५९७ सालच्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं आपल्या श्रद्धेची साक्ष दिली. बाजारांत कानीं पडलेले शब्ददेखील देवानें वायां जाऊं दिले नाहींत. मग आपलें वाडीकाम, आपलें दुखणें, आपले घरगुती तंटे हे तो वायां जाऊं देईल काय?

आतां माझ्या विहिरीकडे वळतों. आपणांपैकीं जे पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांस बावखल म्हणजे काय हें सांगावें लागणार नाहीं. परंतु समोर बसलेल्या मुलांसाठीं सांगतों. पूर्वीं आपल्या वाड्यांतून ठिकठिकाणीं पाण्याचीं लहानमोठीं तळीं असत, तींच बावखलें. पावसाचे चार महिने त्यांत पाणी सांठे, तें हळूहळू जमिनींत मुरे, आणि त्यामुळें आसपासच्या विहिरी गोड्या राहत. कांठीं रहाट असे, बैल फिरे, आणि पोहऱ्यांतून ओतलेलें पाणी पाटानें केळींना व पानवेलींना मिळे. उन्हाळ्यांत बावखल आटलें कीं घरचीं सर्व माणसें त्यांत उतरून गाळ उपशीत. तो गाळ वाडीला खत म्हणून घालीत. आमचे बाबा सांगत, ज्या वर्षीं गाळ काढण्याचा आळस केला, त्याच्या पुढल्या वर्षीं विहीर रुसते.

बाबांच्या ह्या बोलण्यांत किती शास्त्र होतें, हें मला फार उशिरां कळलें. समुद्रकांठच्या आपल्या ह्या पट्टींत जमिनीखालीं खारें पाणी आहेच. समुद्राचें पाणी जड, पावसाचें हलकें. म्हणून वाळूंतून मुरलेलें गोडें पाणी खाऱ्याच्या डोक्यावर तरंगत राहतें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं हॉलंडांतील व जर्मनींतील दोघा संशोधकांनीं ह्याचें गणित मांडलें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर त्याखालीं साधारणपणें ४० फूट गोडें पाणी खाऱ्याला दाबून ठेवितें. उलट, उपसा फार झाल्यानें वा मुरणारें पाणी थांबल्यानें वरची पातळी एकच फूट उतरली, तर खालचें खारें कालांतरानें ४० फूट वर चढूं पाहतें. वर दिसणारी तूट थोडी, पण खालीं घडणारा अनर्थ केवढा!

बाबा वारल्यावर आम्हां दोघां भावांच्या वांटण्या झाल्या. रस्त्याकडची वाडी व तिच्यांतलें बावखल माझ्या वांट्यास आलें. पलीकडची वाडी आणि तिच्यांतलें जुनें बावखल दादाकडे गेलें. १९९३ सालीं मीं माझें बावखल मातीनें भरून त्यावर घर बांधावयाचें ठरविलें. त्या काळीं वसईंत तसें पुष्कळजण करीत होते. मालमोटारी येत, भराव टाकीत आणि निघून जात. विहिरींचें पाणी टँकरांनीं विकलें जाई तें वेगळेंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसईसाठीं झटत होते. त्यांचीं भाषणें मींही ऐकलीं होतीं व टाळ्याही वाजविल्या होत्या. परंतु टाळ्या वाजविणारे हात स्वतःच्या जमिनीपाशीं आले कीं मूठ वळतात, हा माझा अनुभव आहे.

पहिली मालमोटार आली त्या सकाळीं दादा कुंपणापाशीं येऊन उभा राहिला. तो एवढेंच म्हणाला, "अरे, ह्यांत बाबांचे हात लागले आहेत. अर्धें तरी राहूं दे." मीं उत्तर दिलें, "वांटण्या झाल्या आहेत, दादा. माझ्या जमिनीचा धनी तूं नव्हेस." तो कांहीं न बोलतां माघारीं गेला. त्या दिवसापासून आम्ही १८ वर्षें एकमेकांशीं बोललों नाहीं. ह्याच देवळांत, एकाच मिस्साबलीला, तो उजव्या बाजूला आणि मी डाव्या बाजूला गुडघे टेकीत असूं. ज्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा आज आपण आनंद करीत आहों, त्याच्या ५० वर्षांपैकीं १८ वर्षें मीं अशीं घालविलीं. अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट कर, ही प्रभूची आज्ञा मीं शाळेंत कितीदां तरी मुलांकडून पाठ करून घेतली होती!

घर उभें राहिलें. विहिरीवर विजेचा पंप बसला. चारपांच वर्षें सर्व ठीक चाललें. मग एका उन्हाळ्यांत केळीच्या पानांच्या कडा करपूं लागल्या. साबणाला फेस येईना. पुढल्या वर्षीं पानवेली गेल्या, आणि २००३ च्या वैशाखांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवेना. मीं सर्वांना दोष दिला. समुद्राला दिला, सरकारला दिला, टँकरवाल्यांना दिला, आणि रात्रीं एकटा असतांना देवालाही दिला. माझ्या घराच्या जोत्याखालीं काय पुरलें आहे, तेवढें मात्र मीं आठवलें नाहीं.

२०१० सालीं माझ्या पत्नीचे मूत्रपिंड निकामी होऊं लागले. आठवड्यांतून दोनदां रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनीं जेवणांतलें मीठ तोडलें, आणि आमच्या विहिरींत तर मीठच होतें. नळाला पाणी येई तें एका दिवसाआड, तेंही कधीं येई, कधीं न येई. अशा स्थितींत एके दिवशीं पहाटे दार उघडलें, तों पायरीवर तांब्याची कळशी भरलेली, वर स्वच्छ फडकें झांकलेलें. दुसऱ्या दिवशींही तसेंच. ती कळशी वहिनी ठेवून जात, हें मला तिसऱ्या दिवशीं कळलें. दादाची विहीर गोडी राहिली होती, कारण त्यानें आपलें बावखल राखलें होतें.

अकरा महिने ती कळशी येत होती. त्या अकरा महिन्यांत एकही शब्द नाहीं, निरोप नाहीं, उपकाराची जाणीव करून देणें नाहीं. आणि बंधुभगिनींनो, माझें काठिण्य पाहा! तें पाणी मीं पत्नीला पाजलें. मी स्वतः त्याचा घोट घेतला नाहीं. मी माझें खारट पाणी उकळून पीत राहिलों. एकदां ती अंथरुणावरून म्हणाली, "आहो, एकदां जाऊन या दादांकडे. मला बघूं द्या तुम्ही बोलतांना." मीं म्हणालों, "जाऊं. ईस्टर होऊं दे." ती ईस्टरपर्यंत राहिली नाहीं. झावळ्यांच्या रविवाराआधींच्या बुधवारीं प्रभूनें तिला नेलें. शवपेटीला पहिला खांदा दादानें दिला.

तिची ती इच्छा अपुरी राहिली. हें दुःख कोणत्याही उपदेशानें लहान होत नाहीं, आणि आज तें लहान करून सांगण्याची माझी इच्छा नाहीं. पवित्र गुरुवारीं सकाळीं मी दादाच्या वाडींत गेलों. तो विहिरीपाशीं होता. काय बोलावें हें वाटेंत ठरविलें होतें. तेथें पोहोंचल्यावर एकही शब्द आठवेना. दादानें पाहिलें, हातांतली कळशी तिरपी केली आणि म्हणाला, "बस. पाणी पी." मी ओंजळ पुढें केली. अठरा वर्षांनीं मी तें पाणी प्यालों.

ह्या हकीकतींतून मला जें समजलें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट ही, कीं प्रत्येक अंतःकरणाच्या तळाशीं खारें पाणी आहे. आपल्या मनांत मत्सर, राग, कडवटपणा उठला म्हणजे आपण दचकतों, किंवा तें दुसऱ्यानें आणून ओतलें असें म्हणतों. तसें नसतें. तें खालीं असतेंच. प्रश्न एवढाच, कीं त्याच्यावर गोडें पाणी उभें आहे कीं नाहीं.

दुसरी गोष्ट ही, कीं गोडें पाणी आपण निर्माण करीत नाहीं. तें वरून येतें. देवाची कृपा पावसासारखी चांगल्यांवर व वाइटांवर सारखीच बरसते. माझ्या वाडींत पाऊस दादापेक्षां कमी पडला नव्हता. उणें होती ती जागा. सकाळची प्रार्थना, रविवारचा मिस्साबली, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून म्हटलेली माळ, हीं आपलीं बावखलें होत. त्यांत पीक निघत नाहीं, म्हणून तीं रिकामी जागा अडवितात असें वाटतें. कामाची घाई असते, मुलांचा अभ्यास असतो. आपण एकेक कोपरा भरून घेतों. आणि जो वर्षांतून एकदांही पापनिवेदनास बसत नाहीं, त्याच्या बावखलांत गाळ सांचतो. तोच गाळ बाहेर काढला तर त्याचें खत होतें, हेंही विसरूं नका. माझी चूक आज तुमच्या कामीं पडावी, म्हणून तर मी ती येथें उपशीत आहें.

तिसरी गोष्ट कठीण आहे. क्षमा मिळाली तरी जें बुजविलें तें एका दिवसांत उघडत नाहीं. माझें घर आजही त्या भरावावर उभें आहे. २०१६ पासून दादाच्या मुलांनीं व मीं मिळून छपराचें पाणी खड्ड्यांत सोडून विहिरीशेजारीं मुरविण्यास आरंभ केला. आतां पावसाळ्यानंतर कांहीं महिने पाणी बरें असतें. चैत्र लागला कीं पुन्हां मचूळ होतें. परंतु पूर्वीं मी त्या खारटपणाला शाप देत असें. आतां तो मला पुन्हां खड्ड्याकडे, म्हणजे कामाकडे व प्रार्थनेकडे, नेतो. मारा येथें इस्राएल लोकांना कडू पाणी लागलें, तेव्हां देवानें मोशेला दुसरी विहीर दाखविली नाहीं. त्याच कडू पाण्यांत टाकावयास एक लांकूड दाखविलें. त्या लांकडांत ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांनीं क्रुसाची खूण पाहिली. आपलें दुःख बदलून मिळेलच असें नाहीं. पण त्यांत क्रूस ठेवितां येतो.

शेवटीं ह्या महोत्सवाविषयीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची कथा आहे. त्याच्या बापानें खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उपसल्या. आमच्याकडे पलिष्टी आले नाहींत. माती मींच टाकली. आणि लेवीय पुस्तकांत ५० वें वर्ष पवित्र मानावें असें सांगितलें आहे. त्या वर्षीं जमिनीला विसांवा मिळे, गमावलेलें वतन मूळ घराण्याकडे परत येई, दास मोकळे होत. म्हणजे महोत्सव हा मुख्यतः परत करण्याचा, मोकळें करण्याचा सण आहे. रोषणाई होईल, मिरवणूक निघेल, देवळाला नवा रंग लागला आहेच. परंतु महोत्सवाच्या मिस्साबलीला येण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या वाडीकडे एकदां पाहावें. कोणतें बावखल आपण बुजविलें आहे? कोणाच्या उंबरठ्यावर आपण १० किंवा २० वर्षांत पाऊल ठेविलें नाहीं? तेथें जा. शब्द सुचले नाहींत तरी चालेल; पाणी मागा. ईस्टर होऊं दे, असें म्हणूं नका.

याकोबाच्या विहिरीवर तहानेला होऊन बसलेला प्रभु आपणां सर्वांच्या अंतःकरणांतला गाळ काढो, आणि आपल्या घराघरांतून, वाडीवाडींतून पुन्हां गोडें पाणी वाहूं लागो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना. आमेन.