माणसांचे अंदाजपत्रक
(महाजनांच्या सभेपुढे केलेले भाषण)



जत्रोत्सवाची पूर्वतयारी हा विषय आपण माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाकडे सोपविलात. बोलून राहिलेले काम लिहून ठेवल्याने होते, एवढाच अनुभव माझ्या गाठीशी आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता चार व्यवहाराच्या गोष्टी ऐकून घ्याव्यात.

१९३३ सालच्या देवस्थान नियमावलीने आपल्या कारभाराला अंदाजपत्रक, हिशेब आणि इतिवृत्त यांची शिस्त लावली. त्यामुळे तेल-फुलांपासून रथाच्या डागडुजीपर्यंत पैशाचा अंदाज आपण आगाऊ मांडतो. परंतु जत्रेला पैशाइतकीच माणसे लागतात, आणि माणसांचे अंदाजपत्रक मात्र आपण कधी मांडीत नाही. कोणी, कोठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उभे राहावयाचे, हे बहुधा आयत्या वेळी ठरते.

पूर्वी हे अंदाजपत्रक कागदावर नसले तरी घराण्यांच्या पाळीत होते. वाजंत्री, दिवटीवाले, हरिदास, कलावंत यांची सेवा वंशपरंपरेने ठरलेली असे. व्यवस्था चोख होती, हे खरे; पण ज्यांच्या खांद्यावर ती उभी होती त्यांना नकाराची मुभा नव्हती, आणि त्यांतील स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हे गोमंतकात कोणास सांगावयास नको. ती बांधिलकी सुटली हे योग्यच झाले. आता मंडपवाला, वीजतंत्री, ध्वनिक्षेपकवाला, रंगभूषाकार हे आपापल्या कसबाचा मोबदला घेणारे स्वतंत्र लोक आहेत. त्यांना वेळेवर विचारले पाहिजे, वेळेवर जेवू घातले पाहिजे आणि वेळेवर पैसे दिले पाहिजेत.

वेळेवर म्हणजे केव्हा? आपली तिथी पंचांगाने ठरवून दिलेली आहे, ही आपली मोठी सोय. पण हीच सोय इतरांनाही आहे. कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीची, मंगेशीची माघी पौर्णिमेची. एकट्या फोंडा तालुक्यात माघात किती रथ निघतात ते आपण जाणताच. मंडपाचे सामान, पडदे आणि कारागीर मोजकेच. नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या अभिनेत्रीही एकाच हंगामात अनेक गावांच्या रंगमंचांवर उभ्या राहतात. जो आधी विचारील त्याला ही माणसे मिळतील. शिवाय गतवर्षीच्या इंग्रजी तारखेवर विसंबून चालत नाही. २०२६ साली माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीस, तर २०२७ साली २० फेब्रुवारीस येते, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ पडतो. एकोणीस दिवसांच्या या फरकाने जत्रा परीक्षांच्या जवळ सरकते आणि ज्या तरुणांवर आपली भिस्त, ते अभ्यासाला बसलेले असतात. म्हणून नवे पंचांग हाती येताच तिथीपासून उलट मोजीत यावे : पावसाळा सरताच रथाची चाके, आस व दोर यांची तपासणी, चतुर्थीनंतर नाटकाच्या तालमी, दिवाळीपूर्वी कारागिरांशी लेखी ठराव, आणि आदल्या रात्री सर्व दिवे एकदम लावून विजेची चाचणी.

प्रत्येक कामावर एक प्रमुख व एक दुय्यम, अशी दोन नावे असावीत. येथे एक गोष्ट आपल्या रीतीतलीच आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. सोयर-सुतक सांगून येत नाही. प्रमुख आणि दुय्यम एकाच भाऊबंदकीतले असले तर एका निरोपासरशी दोघेही बाजूला होतात आणि जागा रिकामी पडते. म्हणून दुसरे नाव निराळ्या कुळातले घ्यावे. तसेच ते येथेच राहणाऱ्याचे असावे. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी येणाऱ्या बंधूंची भक्ती कमी नव्हे. परंतु गाडी उशिरा आली तर काम खोळंबू नये.

आता विश्रांतीविषयी. पहाटे तोरणे बांधणारा, रात्री नाटकाचे दिवे सांभाळणारा आणि सकाळी शिडीवर चढून तारा सोडविणारा माणूस एकच असतो, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याच्या झोपेची नोंद कोणत्याही वहीत नसते. रथाच्या चाकांखाली पाचर घालणारा माणूस रात्रभर जागलेला असेल, तर दोर ओढणाऱ्या शेकडो हातांचे प्राण त्याच्या डुलकीवर टांगलेले असतात. यादीत कामाच्या पाळीइतकाच झोपेचा रकाना असावा, आणि पाळी बदलताना जुन्या-नव्याने अर्धा तास एकत्र उभे राहून काम समजून द्यावे-घ्यावे.

पहाटेपर्यंत चालणारी नाटके आता इतिहासजमा होत आली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. पालखी एक तास रेंगाळली की तो तास नाटकातून वजा होतो, आणि तीन महिने तालीम केलेल्या मुलांचा शेवटचा अंक पदरात पडत नाही. ज्याला जितका वेळ नेमून दिला, त्याने तितकाच घ्यावा. मग तो मानकरी असो वा सत्काराला उत्तर देणारा पाहुणा.

हे सारे कशासाठी? २०२५ साली ३ मेच्या पहाटे शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. त्याची मीमांसा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जेथे वाट उतरती वा अरुंद आहे तेथे गर्दी होण्यापूर्वीच नेमलेला, ताजातवाना माणूस उभा हवा, एवढा बोध प्रत्येक देवस्थानाने घ्यावा.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. पालखीला खांदा देण्यास आपल्यात दहा हात पुढे येतात. तळीच्या पायऱ्यांवर मुलांवर नजर ठेवण्यास एकही येत नाही. पहिला मान आणि दुसरे काम, असा भेद आपणच केला आहे. यापुढे दोन्ही नावे एकाच यादीत, एकाच अक्षरात लिहावीत, ती यादी जत्रेपूर्वी महिनाभर अग्रशाळेच्या भिंतीवर लावावी, आणि पैशाच्या अंदाजपत्रकाबरोबर ती याच सभेपुढे मंजुरीस यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. तळीच्या पायरीसाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे. दुसरे निराळ्या कुळातले हवे, ते आपण सुचवावे.