दिवेलागणीची वेळ आणि हातांतील यंत्र



यंत्राविषयीं सावधगिरीचे चार शब्द सांगण्यासाठीं मला ध्वनिक्षेपकासमोरच बसावें लागत आहे, यांतील गंमत मी जाणतों. म्हणून 'मोबाइल वाईट' असा सोपा निकाल मी देणार नाहीं. ज्या घरांतील मुलगा परदेशीं नोकरीस आहे, त्या घरांतील आईला विचारून पाहावें. एका पत्राच्या उत्तरासाठीं जिथें आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे, तिथें आज तिला नातवाचें तोंड रोज पडद्यावर दिसतें. हें सुख लहान नव्हे. आणि तें देणाऱ्या साधनाला शत्रु म्हणणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु माझ्याच घरांतील एक गोष्ट सांगतों. एके संध्याकाळीं माझी धाकटी मुलगी शाळेसाठीं लिहिलेला निबंध वाचून दाखविण्यास आली. मीं 'वाच' म्हटलें. ती वाचूं लागली आणि मी हुंकार देऊं लागलों. डोळे मात्र हातांतील मोबाइलवर होते. कांहीं वेळानें ध्यानांत आलें कीं, आवाज थांबला आहे. तो केव्हां थांबला, हें मला सांगतां आलें नसतें. ती रागावली नव्हती. "तुमचें होऊं द्या, बाबा," इतकेंच म्हणाली, आणि वही मिटून आंत गेली. त्या रात्रीं मला उमगलें कीं, 'माझें झालें' असें म्हणण्याची वेळ या यंत्रापुढें बसलेल्या माणसावर येतच नाहीं.

असें कां व्हावें? वर्तमानपत्राला शेवटचें पान असतें. रेडिओची सभा ठरल्या वेळीं समाप्त होई. मुंबईंत २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन केंद्र सुरू झालें, तेव्हां कार्यक्रम दिवसांतील मोजकेच तास चालत. ते संपले कीं पडदा रिकामा होई आणि घरांतील मंडळी आपापल्या कामाला लागत. म्हणजे 'आतां पुरे' हें शब्द यंत्रच उच्चारीत असे. २००६ सालीं अझा रास्किन या अमेरिकन रचनाकारानें अशी युक्ति काढली कीं, मजकूर वर सारीत जावें आणि खालून नवा मजकूर आपोआप येत राहावा. वाचकाचा थोडा श्रम वाचावा, हा तिचा हेतु. पुढें ती समाजमाध्यमांत सर्वत्र रूढ झाली, आणि तिच्या परिणामांबद्दल स्वतः रास्किन यांनींच जाहीर खेद व्यक्त केला. या माध्यमांचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतें. आपण जितका अधिक वेळ पाहूं, तितक्या अधिक जाहिराती आपल्या डोळ्यांपुढें येणार. मग शेवटचें पान त्यांनीं कशासाठीं छापावें?

तेव्हां 'मन आवरा' हा उपदेश खरा असला तरी पुरेसा नाहीं. आपल्याला खिळवून ठेवण्यासाठीं शेंकडो बुद्धिमान माणसें दिवसभर झटत असतां, दिवसाच्या श्रमानें थकलेल्या एकट्या माणसानें रोज रात्रीं त्यांच्याशीं झुंजावें, ही अपेक्षाच विषम आहे. यंत्र 'पुरे' म्हणेनासें झालें, तर तें घरानें म्हटलें पाहिजे. आणि एकट्यादुकट्यानें नव्हे, सर्वांनीं मिळून.

हें करून पाहिलेलें एक गांव आपल्याच महाराष्ट्रांत आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव हें सुमारें ३००० वस्तीचें गांव. २०२० सालीं करोनाच्या साथींत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आलें. पुढें शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातांतील मोबाइल सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजीं गांवानें सभा भरविली, आणि दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, नियम अंमलांत आणला. सायंकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा, आणि ८-३० वाजेपर्यंत घरोघरचे दूरदर्शन-संच व मोबाइल बंद राहावेत. मुलांनीं अभ्यासास बसावें. मोठ्यांनीं वाचावें, एकमेकांशीं बोलावें. सरपंच विजय मोहिते यांची ही कल्पना आरंभीं पुरुषांनीं थट्टेवारी नेली. तिला आधार मिळाला तो गांवांतील स्त्रियांचा. भोंगा वाजल्यावरही लोकांना आठवण देत घरोघर फिरावें लागलें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बांशी या गांवानें १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. तळमळ दोन्ही गांवांची एकच. तथापि मला वडगांवची रीत अधिक पटते. तेथें भोंगा मुलांसाठीं वाजला तसाच बापासाठींही वाजला. जो नियम वडील माणूस स्वतः पाळीत नाहीं, त्याला मूल नियम न म्हणतां जुलूम म्हणतें. शिवाय तेथें दिवसांतील दीड तासच मागितला होता. उरलेल्या वेळीं यंत्राला मज्जाव नव्हता. थोडें मागावें, पण सर्वांकडून मागावें, हें त्यांतील मर्म.

आपल्याकडे दिवेलागणीला देवापुढें निरांजन लावून मुलांनीं शुभंकरोति म्हणण्याची रीत होती. त्या वेळीं कोणी केर काढीत नसे, कोणी निजत नसे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी त्या रीतीनें घरांतील विखुरलेलीं माणसें रोज एकदां एका ठिकाणीं येत. भोंगा हा त्या निरांजनाचाच नवा अवतार म्हणावा.

शहरांतील बिऱ्हाडांत भोंगा कोण वाजविणार? माझ्या घरीं भिंतीवरचें घड्याळ तें काम करतें. ८ वाजले कीं सर्वांचे मोबाइल कपाटावरील पितळी डब्यांत जातात, आणि पहिला मोबाइल माझा. कोणाच्या आजारपणाचा किंवा निकडीच्या कामाचा निरोप आला, तर तो अर्थातच घ्यावयाचा. दूरगांवच्या बहिणीचा आवाज ऐकूं आला, तर यंत्र मधोमध ठेवून सर्वांनीं बोलावयाचें. कारण त्या वेळीं तें घर मोडीत नाहीं, जोडतें. पहिल्या आठवड्यांत माझाच हात दोनदां डब्याकडे गेला. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें नुसतें घड्याळाकडे पाहिलें.

त्या निबंधाचा शेवट मीं अजून ऐकलेला नाहीं. मागितला, तेव्हां "तो आतां जुना झाला, बाबा," असें ती म्हणाली. मुलांचीं कांहीं वाक्यें एकदांच कानावर येतात. ती नवा निबंध घेऊन येईल, तेव्हां तो शेवटपर्यंत ऐकावयास माझे कान आणि डोळे मोकळे असावेत, एवढ्यासाठींच ही सारी खटपट आहे.