कर्तृत्वाची नोंद कोणी ठेवायची?

(महिला दिनानिमित्त कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



८ मार्च रोजी स्त्रियांच्या कर्तृत्वाचा गौरव करण्याची प्रथा आता सर्वमान्य झाली आहे. व्यासपीठावर चार तसबिरी मांडल्या जातात, हार घातले जातात आणि सभा संपते. ज्यांची तसबीरच उरलेली नाही त्यांचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. इतिहासात स्त्रियांचे कार्य कमी दिसते, ते त्यांनी काही केले नाही म्हणून नव्हे. ते जपून ठेवण्याची निकड समाजाला वाटली नाही म्हणून.

ताराबाई शिंदे यांचेच उदाहरण पाहावे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे ती सौम्य झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांच्या ठायी नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. परंतु पुढे हा ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला तेव्हा १९७५ साल उजाडले होते. मध्ये ९३ वर्षे लोटली होती!

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ मध्ये छापला. छापला गेला म्हणूनच तो आज वाचता येतो. आंबेडकरी चळवळीत झिजलेल्या स्त्रियांचे कार्य तर कागदावर फारसे उतरलेच नव्हते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांना शोधून काढले, बोलते केले, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. या शीर्षकातील ‘ही’ या एका अक्षरात केवढा आरोप सामावलेला आहे!

हा आरोप पुरोगामी चळवळींनाही चुकत नाही. १९७२ नंतर मुंबईत महागाईविरोधी लाटणे मोर्चे निघाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि ती योग्यच आहेत. परंतु रॉकेलच्या रांगेतून उठून, हाती लाटणे घेऊन मोर्चात शिरलेल्या चाळीचाळींतील गृहिणींची नावे किती इतिवृत्तांत सापडतील? ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ या वाक्यात त्या साऱ्याजणी गडप होतात.

समतेचा विचार मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणून एवढे तरी करावे. शाखेच्या इतिवृत्तात स्त्रियांची संख्या नव्हे, नावे लिहावीत. ठराव कोणी मांडला, तुरुंगात कोण गेली, हे नोंदवावे. ज्या वृद्ध कार्यकर्त्या हयात आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांची हकीकत उतरवून घ्यावी. हार दुसऱ्या दिवशी सुकतात. लिहिलेली नोंद पुढच्या पिढीच्या हाती लागते. आणखी ९३ वर्षे वाट पाहण्याची पाळी कोणावरही येऊ नये.