उधाणाला मुदतवाढ नसते

करसल्लागारांच्या या कासूच्या मेळाव्यात मला अध्यक्ष केलंत ते वयाकडे बघून, हे मला कळतं. शालही मिळाली. आता कामाचं बोलू.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'नवा आयकर कायदा आणि आपला व्यवसाय' असं छापलंय. तो विषय उरकतो. 1961चा कायदा जाऊन 2025चा आला, 1 एप्रिल 2026 पासून लागू. आठशेच्या वर गेलेली कलमं 536वर आली. 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. बाकीचं दुपारच्या सत्रात तरुण मंडळी सांगतील. त्यांचे डोळे अजून चांगले आहेत. मला जे बोलायचंय ते कित्येक वर्षं पोटात आहे, आणि पुन्हा मला कोणी अध्यक्ष करेल असं वाटत नाही.

आपला समज असा, की आपण लोकांची काळजी दूर करतो. मी म्हणतो, आपण काळजी विकतो. जून उजाडला की पक्षकारांच्या मोबाइलवर आपले निरोप सुरू. लाल अक्षरं, घड्याळाचं चित्र, 'शेवटचे दहा दिवस'. ज्याचं उत्पन्न पाच लाखांच्या आत, त्याला विवरणपत्र उशिरा भरल्याचा दंड जास्तीत जास्त 1000 रुपये. त्या हजारासाठी आपण त्याची महिनाभराची झोप घालवतो. आणि ज्यांनी मे महिन्यातच कागद आणून दिले, त्यांची फाइल आपल्याच टेबलावर 28 जुलैपर्यंत पडून असते! खोटं असेल तर हात वर करा.

मग आपण काय करतो? मुदतवाढ मागतो. निवेदनं देतो. 2025 साली मिळालीच ना! 31 जुलैची 15 सप्टेंबर झाली. लोक म्हणाले, सुटलो. 27 ऑगस्टला गणपती आले, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, आणि आपल्यातले निम्मे आरतीतसुद्धा एका हाताने टाळ आणि दुसऱ्याने मोबाइल धरून उभे. पितृपक्ष लागला तरी विवरणपत्रं शिल्लकच. 15 तारखेच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून मिळाला, तर तोही आपण तसाच धावपळीत घालवला. दीड महिन्यात काम वाढलं नाही, माणसं कमी झाली नाहीत. लांबली ती फक्त धास्ती.

मुदतवाढीने काय साधतं हे कासूकरांना वेगळं सांगायला नको. हमरस्त्यावर जाऊन उभे राहा. 2011 साली चौपदरीकरण सुरू झालं, पळस्पे ते इंदापूर, 84 किलोमीटर. पुढे त्याचे दोन तुकडे केले, ते नेमके इथे, कासूला. त्या कामाला किती तारखा मिळाल्या, मोजा.

आणि इथून खाली खारेपाटात उतरा. उधाण कधी येणार हे तिथल्या शेतकऱ्याला तिथीवरून ठाऊक असतं. बांधाला खांड पडली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. म्हणून तो उघडिपीत माती टाकतो. समुद्राला निवेदन देत नाही.

काही मित्र म्हणतील, फॉर्म उशिरा येतात, पोर्टल बसतं. बरोबर आहे. पण पोर्टल बसायच्या आधी आपण काय करत होतो?

माझंच सांगतो. 31 जुलै 2024. रात्रीचे साडेअकरा. पक्षकार पेणचा, गणपतीचा कारखाना. जुनी करप्रणाली त्याच्या फायद्याची होती, गृहकर्ज होतं, विमा होता. धंद्याचं उत्पन्न असेल तर त्यासाठी फॉर्म 10-आयईए मुदतीत भरावा लागे. विवरणपत्र मी भरलं, फॉर्म राहिला. बारा वाजले. वजावटी गेल्या. त्याचे कागद माझ्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या कारखान्यात जाऊन चूक सांगितली. रंगाचा हात पुसत तो म्हणाला, "सायेब, ओली मूर्ती रंगवलीत तुम्ही." फरक मी खिशातून भरला. त्या वाक्याची भरपाई अजून व्हायची आहे.

आपल्यात हल्ली वाद चालतो, नवं सॉफ्टवेअर घ्यावं की माणसं वाढवावीत. माझ्यापुरता तो पंधरा वर्षांपूर्वीच मिटला; कमी पडत होतं ते माझं लक्ष. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, सकाळच्या रोहा गाडीने यायचे. त्यांना बंगळुरूहून आयकर खात्याचं पाकीट आलं. तीन वेळा माझ्या दारात आले. तीनही वेळा मी मान वर न करता म्हणालो, "गुरुजी, सीझन आहे, नंतर या." चौथ्यांदा त्यांची सून आली. म्हणाली, "पाकीट देवघरात ठेवलंय, अण्णा जेवत नाहीत."

तेव्हा मी उठलो. त्यांच्या ओटीवर बसून कागद उघडला. कलम 143(1)ची साधी सूचना. दोन रकाने, एक त्यांनी भरलेला, एक खात्याने मोजलेला. एकेका आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. दोन्हीकडे तेच. देणं शून्य. मोजून अकरा मिनिटं लागली. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढंच होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही वाचलंत?"

अकरा मिनिटं वाचवून मी त्या वर्षी काय कमावलं, मला आठवत नाही.

तर मित्रहो, तीन गोष्टी करू. पहिली, मुदतवाढीच्या निवेदनावर मी यापुढे सही करणार नाही. तुम्हीही करू नका. दुसरी, प्रत्येक कार्यालयात आठवड्यातली एक सकाळ फक्त कागद वाचून दाखवायला ठेवायची. फी घ्यायची की नाही, कोणता वार, ते नंतर ठरवू. तिसरी, घाबरवणारे निरोप बंद. त्याऐवजी कसे लिहायचे, यासाठी एखादी समिती नेमू. कोण कोण ते चहाच्या वेळी बघू.

गुरुजी आता नाहीत. ते पाकीट माझ्या खणात आहे. जुलै लागला की मी ते वर काढून टेबलावर ठेवतो, आणि दारात कोणी उभं राहिलं की आधी मान वर करतो.